जीव टांगणीला लावणारे जुने चित्रपट घरी कसे पाहावेत

‘सस्पेन्स’साठी मराठीत ‘रहस्य’ हा शब्द रूढ झाला आणि त्या शब्दामुळे जुन्या चित्रपटांवर बराच अन्याय झाला, असे माझे मत आहे. रहस्य ही दडवलेली वस्तू असते. ती एकदा सापडली की शोध संपतो. म्हणूनच ‘शेवट ठाऊक आहे, आता काय पाहायचे?’ असा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे उत्तम चित्रपट न पाहताच बाद ठरतात. वास्तविक या अनुभवासाठी नेमका शब्दप्रयोग आपल्या बोलीत कितीतरी आधीपासून आहे: जीव टांगणीला लागणे. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो, कारण त्यांना थोडे ठाऊक असते, थोडे ठाऊक नसते आणि त्यांच्या हातात काहीच नसते. जुने चित्रपट टिकले ते या टांगणीच्या बळावर, आणि ती टांगणी शेवट कळल्याने सुटत नाही.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत आमची सोसायटी आहे. तेथे माझ्या घरी गेली सहा वर्षे, महिन्यातून एका शनिवारी रात्री, आम्ही सात-आठ जण मिळून असा एक जुना चित्रपट पाहतो. त्यात माझ्या सासूबाई आहेत, महाविद्यालयात शिकणारी भाची आहे, शेजारचे एक निवृत्त काका-काकू आहेत आणि ऐरोलीहून येणारी माझी धाकटी बहीण आहे. पहिले काही प्रयोग अगदी फसले. त्यांतून जे शिकले ते येथे क्रमाने लिहीत आहे, म्हणजे आपल्या घरी असा प्रघात सुरू करू इच्छिणाऱ्यांना त्याच चुका पुन्हा कराव्या लागणार नाहीत. या लेखात एकाही चित्रपटाचा शेवट सांगितलेला नाही. प्रसंग सांगितले आहेत ते कथेचा गाभा न फोडणारे आहेत.

प्रथम एक भेद मनात पक्का करावा

अशा चित्रपटांसाठी गाजलेले दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दीर्घ मुलाखत दिली आणि ती १९६६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी दिलेले एक उदाहरण चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. दोन माणसे टेबलाशी बसून साध्या गप्पा मारत आहेत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला बॉम्बची कल्पना नसेल, तर स्फोट झाल्यावर त्याला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. मात्र बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिले असेल, भिंतीवरचे घड्याळही त्याला दिसत असेल, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटे त्याचा श्वास रोखून धरतात. गप्पा मारणाऱ्या त्या दोघांना हाक मारून सावध करावे असे त्याला वाटू लागते.

या उदाहरणाचा व्यावहारिक अर्थ असा की, चित्रपट पाहताना ‘खुनी कोण?’ हा प्रश्न मागे ठेवून ‘या क्षणी मला काय ठाऊक आहे आणि पडद्यावरच्या माणसाला काय ठाऊक आहे?’ हा प्रश्न पुढे घ्यावा. ज्या चित्रपटात हे दोन ज्ञानसाठे सतत कमीअधिक होत राहतात, तो चित्रपट दहा वेळा पाहता येतो. केवळ शेवटच्या दहा मिनिटांतील उलगड्यावर उभा असलेला चित्रपट मात्र दुसऱ्यांदा पाहताना पोकळ वाटतो, मग तो कितीही गाजलेला असो. निवड करताना मी हीच कसोटी लावते आणि ती सहसा चुकत नाही.

कोणत्या चित्रपटापासून आरंभ करावा

इमारतीत राहणाऱ्या माणसांसाठी हिचकॉक यांच्या ‘रिअर विंडो’ (१९५४) इतका योग्य आरंभ दुसरा नाही. पाय मोडल्यामुळे चाकांच्या खुर्चीत अडकलेला एक छायाचित्रकार वेळ जात नाही म्हणून समोरच्या खिडक्यांकडे पाहत बसतो आणि एका घरात काहीतरी भयंकर घडले असावे असा संशय त्याच्या मनात मूळ धरतो. या चित्रपटासाठी पॅरामाउंट स्टुडिओत ३१ सदनिका असलेले संपूर्ण अंगण उभारण्यात आले होते, आणि तरीही कॅमेरा जवळजवळ सर्व वेळ नायकाच्या खोलीतच राहतो. नायकाला उठता येत नाही, म्हणून आपल्यालाही उठता येत नाही. त्याला समोरच्या घरातले बोलणे ऐकू येत नाही, म्हणून आपल्यालाही येत नाही. घोडबंदर रस्त्यावरील संकुलांत समोरासमोरच्या विंगमध्ये फार अंतर नसते. चित्रपट संपल्यावर दिवा लावायला कोणी उठले नाही आणि आम्ही सगळे काही क्षण समोरच्या विंगमधील उजेडाच्या चौकोनांकडे पाहत राहिलो होतो. एकूण ११२ मिनिटांचा हा चित्रपट आहे, त्यामुळे प्रथमच येणाऱ्या पाहुण्यालाही तो जड होत नाही.

दुसऱ्या महिन्यात मी मराठीकडे वळण्याचा आग्रह धरीन. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर आधारलेला चित्रपट आणि त्यावरून राज खोसला यांनी हिंदीत केलेला ‘मेरा साया’ (१९६६) हे दोन्ही लागोपाठच्या महिन्यांत पाहावेत. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या माणसासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री गुन्हेगार म्हणून उभी केली जाते आणि ती म्हणते, ‘मीच तुमची पत्नी.’ एवढ्या एका वाक्यावर दोन्ही चित्रपट तोलून धरलेले आहेत. ‘पाठलाग’मध्ये डॉ. काशीनाथ घाणेकर आहेत, ज्यांच्या नावाचे नाट्यगृह आम्हा ठाणेकरांना नित्याचे आहे. माझ्या भाचीने त्या नाट्यगृहात अनेक नाटके पाहिली होती. परंतु ज्यांचे नाव तिथे लावले आहे त्यांना अभिनय करताना तिने त्या रात्री प्रथमच पाहिले. पुढे तिने आपणहून त्यांचाच ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) निवडला.

गाण्यांचा कंटाळा असणाऱ्या मंडळींसाठी बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’ (१९६०) आणि यश चोप्रा यांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) हे दोन हिंदी चित्रपट राखून ठेवावेत, कारण दोहोंत एकही गाणे नाही. त्या काळाच्या हिंदी चित्रपटसृष्टीत हे केवढे धाडस होते, ते प्रेक्षकांना आधी अवश्य सांगावे. ‘इत्तेफाक’ बहुतांशी एका रात्रीत आणि एका घरात घडतो व दोन तासांच्या आत संपतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्यांनाही तो सोयीचा पडतो. जुलैत, येऊरच्या डोंगरावरून पावसाची झड येत असेल, तर ‘वो कौन थी?’ (१९६४) लावावा. पावसाळी रात्र, काचेपलीकडे काही दिसेनासे झालेली मोटार आणि रस्त्यात उभी असलेली पांढऱ्या साडीतील स्त्री हा त्याचा आरंभ बाहेरच्या पावसात मिसळून जातो.

उलट काही थोर चित्रपट पहिल्या वर्षी टाळावेत. फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लुझो यांचा ‘द वेजेस ऑफ फिअर’ (१९५३) हा माझ्या मते या प्रकारातील सर्वोच्च कृतींपैकी एक आहे. हादरा बसताच स्फोट होईल असे नायट्रोग्लिसरीन भरलेले मालट्रक खाचखळग्यांच्या रस्त्याने नेणाऱ्या चौघांची ती कथा आहे. परंतु ट्रक निघण्यापूर्वीचा दीर्घ भाग संथ आहे आणि तो का संथ आहे हे समजण्याइतका विश्वास प्रेक्षकांच्या मनात आधी निर्माण व्हावा लागतो. मी तो तिसऱ्याच महिन्यात लावला आणि ट्रक निघेपर्यंत निम्मी मंडळी झोपली होती. दोष चित्रपटाचा नव्हता, माझ्या घाईचा होता. लहान मुले घरात असतील तर ‘सायको’ (१९६०) त्यांच्यासमोर लावू नये, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

खोली, पडदा आणि आवाज

या भागाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग ‘जुने चित्रपट आता प्रभावी वाटत नाहीत’ असा निष्कर्ष काढतात. हे चित्रपट अंधाऱ्या सभागृहासाठी निर्माण झाले होते. कृष्णधवल चित्रपटात भीती बहुधा पडद्याच्या काळ्या भागात असते. ट्यूबलाइटच्या उजेडात तो काळा भाग राखाडी होतो आणि जिन्याखालची सावली ही केवळ जिन्याखालची जागा उरते. म्हणून सर्व दिवे बंद करावेत, जाड पडदे ओढावेत आणि राउटरचे लुकलुकणारे दिवेसुद्धा कापडाने झाकावेत. स्वयंपाकघराकडे जाण्यासाठी जमिनीलगत एक लहान दिवा ठेवला, की वडीलधाऱ्यांना अडखळण्याची भीती राहत नाही.

त्यानंतर टीव्हीच्या सेटिंगकडे वळावे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या गतीने चित्रित होतो. आजचे टीव्ही त्या चित्रांच्या मध्ये स्वतः तयार केलेली चित्रे घालून हालचाल गुळगुळीत करतात आणि त्यामुळे उत्तम चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. ही सोय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते, परंतु ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडला की ती बहुधा बंद होते. नसेल होत, तर ‘मोशन’ या शब्दाखालील पर्याय शोधून ती हाताने बंद करावी.

चित्राच्या आकाराबाबत तर तडजोड करूच नये. १९५३ च्या सुमारास रुंद पडदे येईपर्यंत चित्रचौकटीचे प्रमाण साधारण १.३७ : १ असे, तर आपल्या टीव्हीचे प्रमाण १६ : ९ असते. त्यामुळे ‘महल’ (१९४९) सारखा चित्रपट लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. त्या घालवण्यासाठी चित्र ताणले, तर मधुबालाचा चेहरा पसरट होतो. मोठे करून कापले, तर चौकटीचा वरचा व खालचा भाग नाहीसा होतो. आणि या प्रकारच्या चित्रपटात किल्ली, हात, दाराखालून सरकणारी सावली अशा निर्णायक गोष्टी पुष्कळदा चौकटीच्या कडेलाच ठेवलेल्या असतात. पाहुण्यांपैकी कोणीतरी ‘पूर्ण पडदा करा ना’ असे म्हणतेच. त्यांना हे कारण एकदा नीट समजावून सांगावे.

आवाजासाठी टीव्हीचे अंगचे स्पीकर अपुरे पडतात. साधा साउंडबार किंवा दोन जुने स्पीकर पुरतात, कारण या चित्रपटांचा ध्वनी बहुधा एकमार्गीच (मोनो) असतो. आवाज चहूबाजूंनी फिरवण्याची कृत्रिम सोय बंद ठेवावी. अधिक महत्त्वाची आहे ती घरातली शांतता. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर आणि वॉशिंग मशीन नऊच्या आत आटोपून घ्यावीत. गणपती आणि नवरात्राच्या दिवसांत हा कार्यक्रम ठेवूच नये. मोबाइल दाराशी एका टोपलीत ठेवण्याची पद्धत आम्ही घातली आहे. सुरुवातीला कुरकुर झाली, आता येणारे स्वतःहून ठेवतात.

‘सायको’ प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा आग्रह हिचकॉक यांनी चित्रपटगृहांकडे धरला होता. आमच्याकडेही ठीक नऊ वाजता दार लागते. माझी बहीण ट्रान्स-हार्बरची गाडी चुकल्याने एकदा दहा मिनिटे उशिरा पोहोचली, तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात बसवून जेवू घातले आणि तो चित्रपट तिला दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून दाखवला. नियम स्वतःच्या माणसांना लागू केला की इतरांना सांगावा लागत नाही.

ठाऊक असलेले आणि ठाऊक नसलेले

एकाच खोलीत दोन पिढ्या बसल्या की ही अडचण येते. सासूबाईंनी ‘मेरा साया’ तरुणपणी चित्रपटगृहात पाहिलेला, भाचीने त्याचे नावही ऐकलेले नाही. आमच्या अगदी पहिल्या रात्री एका पाहुण्यांनी अर्ध्या तासातच ‘अहो, हा तर शेवटी…’ असे म्हणून सगळे सांगून टाकले आणि खोलीतला उत्साह मावळला. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट वाटून घ्यावी असे कोणालाही वाटते. म्हणून त्या इच्छेला योग्य वाट काढून द्यावी लागते.

यावर आम्ही शोधलेला उपाय असा आहे. ज्यांनी चित्रपट पूर्वी पाहिला आहे त्यांना बाजूच्या खुर्च्यांवर, किंचित तिरपे बसवावे, म्हणजे पडद्याबरोबरच नव्याने पाहणाऱ्यांचे चेहरेही त्यांना दिसतात. टेबलाखालचा बॉम्ब आता त्यांना ठाऊक आहे आणि समोर बसलेल्यांना तो ठाऊक नाही. म्हणजे हिचकॉक यांनी वर्णन केलेली स्थिती आपल्याच दिवाणखान्यात तयार होते. ‘मेरा साया’च्या रात्री सासूबाईंनी पडद्यापेक्षा नातीकडेच अधिक पाहिले, आणि एका प्रसंगी भाची पुढे झुकण्याच्या आधीच सासूबाई पुढे झुकल्या होत्या. नंतर त्या म्हणाल्या, की आपल्याला हा चित्रपट पहिल्यापेक्षा या वेळी अधिक आवडला.

क्लुझो यांच्याच ‘दियाबोलिक’च्या (१९५५) शेवटी प्रेक्षकांना विनंती केलेली आहे, की आपण पाहिलेले मित्रांना सांगून त्यांचा आनंद हिरावून घेऊ नये. ही विनंती चित्रपट सुरू होण्यापूर्वी यजमानाने स्वतःच्या शब्दांत करावी, आणि ती एकदाच व गांभीर्याने करावी.

परभाषिक चित्रपटांना मराठी उपशीर्षके क्वचितच मिळतात. वडीलधाऱ्यांसाठी आधी पाच मिनिटे मराठीत पूर्वकल्पना द्यावी: गाव कोणते, काळ कोणता, कोण कोणाचे कोण. नातीगोती सांगावीत, कृत्ये सांगू नयेत. ‘ही त्याची पत्नी, हा तिचा जुना मित्र’ एवढे पुरे. ‘हा माणूस संशयास्पद आहे’ असे एक विशेषणही जास्त होते.

पाहताना लक्ष कोठे ठेवावे

पहिल्या वेळी स्वतःला चित्रपटाच्या स्वाधीन करणे हेच उत्तम. तरीही काही गोष्टींकडे मन आधीच वळवून ठेवले, तर आनंद वाढतो.

त्यांतली पहिली गोष्ट म्हणजे काळाचे माप. चांगला दिग्दर्शक प्रेक्षकाच्या हातात नेहमी एखादे घड्याळ देतो, परंतु ते घड्याळ काट्यांचेच असते असे नाही. हिचकॉक यांच्या ‘नटोरियस’मध्ये (१९४६) मोठी मेजवानी चालू आहे, नायिकेने तळघराची किल्ली चोरून नायकाला दिली आहे आणि बर्फात ठेवलेल्या शॅम्पेनच्या बाटल्या एकेक करून कमी होत आहेत. त्या संपल्या की यजमान आणखी बाटल्या आणायला तळघराकडे वळणार आणि किल्ली जागेवर नाही हे त्याला कळणार. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड संपत आलेले पाहून ज्यांच्या पोटात गोळा आला आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. याच मेजवानीच्या आरंभी कॅमेरा दिवाणखान्याच्या उंचीवरून सावकाश खाली येत येत नायिकेच्या मुठीतील किल्लीपर्यंत पोहोचतो. एवढ्या गर्दीत महत्त्वाची वस्तू किती लहान आहे, हे तो एकाच हालचालीत सांगतो.

दुसरी गोष्ट ही, की कॅमेरा कोणाकडे पाहत नाही ते पाहावे. ‘रोप’ (१९४८) या ८० मिनिटांच्या चित्रपटात आरंभीच दोन तरुण आपल्या मित्राचा जीव घेतात, त्याला एका पेटीत ठेवतात आणि त्याच पेटीवर जेवण मांडून त्याच्या आप्तांना मेजवानी देतात. कोणी केले, हे पहिल्या काही क्षणांतच सांगून टाकले आहे. म्हणजे रूढ अर्थाचे रहस्य उरलेलेच नाही. पुढे एका प्रसंगी पाहुणे चौकटीबाहेर बोलत उभे आहेत आणि कॅमेरा मात्र घरकाम करणाऱ्या बाईंवर स्थिर आहे. त्या पेटीवरची ताटे उचलून आत नेतात, परत येतात, मेणबत्त्या नेतात, परत येतात, टेबलक्लॉथ काढतात, आणि मग पेटीत ठेवण्यासाठी पुस्तके घेऊन येतात. आवराआवर ही जगातील सर्वांत सामान्य क्रिया आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी मात्र त्या क्षणी माझा हात घट्ट धरला आणि ‘अगं बाई, नको उघडूस’ असे मोठ्याने म्हणाल्या. काकूंना इंग्रजी फारसे येत नाही, आणि त्या प्रसंगात भाषेची गरजच नाही. शिवाय मनात आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट घडते: पेटी उघडली जाऊ नये असे वाटते, म्हणजे आपण नकळत खुन्यांच्या बाजूने उभे राहिलेलो असतो. हे लक्षात आल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या. मला वाटते, हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटण्याचे एक खोल कारण येथे आहे. ते आपल्याच मनाची एक बाजू आपल्यापुढे आणून ठेवतात.

तिसरी गोष्ट कानांची. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन चित्रपटात खुनी एक धून शिट्टीवर वाजवतो; ती संगीतकार ग्रीग यांच्या ‘पीअर गिंट’ या रचनेतली आहे. बोलपट नुकताच आलेला होता आणि लांग यांनी त्या नव्या साधनाचा उपयोग भीतीची चाहूल देण्यासाठी केला. याच चित्रपटात एका मुलीचा मृत्यू दाखवलेलाच नाही. आईची हाक, रिकामा जिना, जेवणाच्या टेबलावरचे रिकामे ताट, गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा, एवढेच दिसते. प्रेक्षकाने जे स्वतः मनात पाहिले ते जुने होत नाही, हे मला या प्रसंगाने पटले.

‘सायको’साठी बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांचे संगीत रचले. ज्या प्रसंगासाठी तो चित्रपट ओळखला जातो त्यात हिचकॉक यांना आरंभी संगीतच नको होते. हरमन यांनी रचलेले ऐकल्यावर त्यांनी मत बदलले. दुसऱ्यांदा पाहताना तो प्रसंग एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून अनुभवावा. संगीताचा वाटा किती आहे, हे त्यावाचून कळत नाही.

आपल्याकडे हे काम गाण्याने केले. ‘महल’मधील ‘आएगा आनेवाला’ ध्वनिमुद्रित करताना स्वर दुरून जवळ येतो आहे असा भास व्हावा म्हणून लता मंगेशकर ध्वनिक्षेपकापासून दूर उभ्या राहून गात गात जवळ आल्या होत्या. खेमचंद प्रकाश यांचे ते संगीत, जर्मनीहून आलेल्या जोसेफ विर्शिंग यांचे छायाचित्रण आणि बिमल रॉय यांचे संकलन यांतून ती हवेली उभी राहिली. म्हणून हिंदी किंवा मराठी रहस्यपटातील गाणे रिमोटने पुढे ढकलू नये. ‘पाठलाग’मधील ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे आशा भोसले यांचे गाणे वगळून पाहिले, तर पुढे नायकाच्या मनाची जी ओढाताण होते तिचा पायाच काढून घेतल्यासारखे होते.

मध्यंतराबाबत थोडक्यात. हिंदी-मराठी चित्रपटांत ते ठरलेले असते आणि दिग्दर्शकाने त्याचा विचार केलेला असतो, म्हणून तेथेच थांबावे. परभाषिक चित्रपटांत थांबूच नये. दोन तासांच्या आतला असेल तर चहा आधी आणि जेवण नंतर ठेवावे. मध्येच चित्रपट थांबवून भजी तळणे हा टांगणीची दोरी कापण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

चित्रपट संपल्यानंतर आणि पुढच्या वेळी

दिवे लगेच लावू नयेत. दोन-तीन मिनिटांनी लहान दिवा लावून एकच प्रश्न विचारावा: ‘तुम्हाला कधी कळले, आणि पडद्यावरच्या माणसाला कधी कळले?’ ‘आवडला का?’ असे विचारले की ‘छान होता’ एवढ्यावर विषय संपतो. पहिल्या प्रश्नावर मात्र तासभर बोलणे होते, कारण प्रत्येकाला वेगळ्या क्षणी संशय आलेला असतो. भाची एका वहीत पानाच्या मधोमध रेघ ओढून डाव्या बाजूला ‘आपण’ आणि उजव्या बाजूला ‘तो किंवा ती’ असे लिहिते व कोणाला काय केव्हा समजले ते मांडते. ही वही आता चांगली जाड झाली आहे. ज्या चित्रपटाचे पान दोन्ही बाजूंनी भरते तो पुन्हा पाहायचा, असे आम्ही ठरवले आहे.

पुन्हा पाहण्यासाठी सर्वांत योग्य चित्रपट माझ्या मते ‘व्हर्टिगो’ (१९५८) हा आहे. ज्या फ्रेंच कादंबरीवरून तो घेतला तिच्यात उलगडा अखेरीस होतो. हिचकॉक यांनी तो शेवटाच्या बराच आधी प्रेक्षकापुढे ठेवला आणि नायकाला मात्र अंधारात ठेवले. प्रदर्शनाच्या वेळी त्याचे स्वागत संमिश्र झाले. पुढे २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो प्रथम आला. तेव्हाच्या प्रेक्षकांना ज्या गोष्टीने कोड्यात टाकले, ती गोष्ट नंतरच्या प्रेक्षकांनी पुन्हा पुन्हा पाहून समजून घेतली. हा चित्रपट दोनदा पाहण्याच्या तयारीनेच लावावा आणि दोन पाहण्यांत किमान तीन महिन्यांचे अंतर ठेवावे. पहिल्या वेळी नायकाच्या चेहऱ्याकडे लक्ष जाते. दुसऱ्या वेळी नायिकेच्या चेहऱ्याकडे पाहावे. तिची प्रत्येक कृती आता निराळी दिसते, आणि पहिल्या वेळी साधी वाटलेली वाक्ये ऐकवत नाहीत.

दुसऱ्यांदा पाहताना तंत्राकडेही बघावे. ‘रोप’ सलग लांब दृश्यांत चित्रित झाला आहे, काही दृश्ये सुमारे दहा मिनिटांची आहेत, कारण कॅमेऱ्यात एका वेळी तेवढीच फिल्म मावत असे. ते सांधे लपवण्यासाठी कॅमेरा कधी एखाद्या कोटाच्या पाठीवर जाऊन थांबतो. ते सांधे शोधण्याचा खेळ मुलांना फार आवडतो, पण तो पहिल्या वेळी मुळीच सांगू नये.

शेवटची सूचना निवडीच्या अधिकाराबद्दल आहे. वर्षभर यजमानाने निवड करावी, नंतर हा अधिकार पाळीपाळीने इतरांकडे द्यावा आणि जो निवडेल त्यानेच सुरुवातीची पाच मिनिटे बोलावे. मागच्या महिन्यात काकूंनी ‘रोप’ पुन्हा लावायला सांगितला. या वेळी त्यांनी तिरपी खुर्ची मागून घेतली, आणि त्या बाई पुस्तके घेऊन पेटीकडे येऊ लागल्या तेव्हा काकू पडद्याकडे न पाहता माझ्या बहिणीच्या हातांकडे पाहत होत्या.